मान्यता नसलेल्या घरचा चहा

माझ्या लग्नात ते आले, अक्षता टाकल्या, स्टेजवर येऊन माझा हात खांद्यातून निखळेल इतका हलवला आणि न जेवता निघून गेले. माझ्या मोठ्या काकांनी लगेच आपल्या परीने अर्थ लावला. "अवघडले असतील बिचारे," ते आवाज खाली आणून म्हणाले. "तसं आपण काही मानत नाही, पण आपल्या पंगतीत बसायचं म्हणजे त्यांना वाटलं असेल काहीतरी." हे सांगताना काकांना स्वतःविषयी फार बरं वाटत होतं, म्हणून मी त्यांना तसंच राहू दिलं. खरं कारण वेगळं होतं. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरच्या टेबलावर सिंगापूरहून आलेला बिनतारी फोन होता, आणि आपल्या देशातल्या टेलिफोन लाइनला जोडायची त्याला मान्यता नव्हती. ज्या घरात मान्यता नसलेलं यंत्र लाइनला जोडलेलं असेल, त्या घरचा चहा, पाणी, जेवण ते घेत नसत. जाताना त्यांनी मॅनेजरला तसं स्पष्ट सांगितलं. मॅनेजर मला शोधत आला आणि म्हणाला, "ते सफारीवाले गृहस्थ मुलाकडचे की मुलीकडचे? म्हणजे कोणाकडे तक्रार करायची ते कळेल."

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक छोटी कंपनी होती. आम्ही इंटरकॉमचे डबे बनवायचो. टेलिफोन खात्याच्या दोन लाइनी डब्यात शिरायच्या आणि आठ फोन बाहेर पडायचे. देश खुला झाला असं तेव्हा वर्तमानपत्रांत रोज यायचं, आणि ज्याच्याकडे गॅरेज होतं तो त्यात टेलिफोनचं काहीतरी बनवायला लागला होता. पण देश कितीही खुला झाला तरी असला डबा सरकारी लाइनला परस्पर जोडता येत नसे. आधी तो सरकारी तपासणी केंद्रात पास व्हावा लागे. त्यासाठी एक जाडजूड मानक होतं. डब्यातून आवाज किती जोरात बाहेर जावा, रिसीव्हर खाली असताना तारेतून वीज गळता कामा नये, तारेवर वीज पडली तर डब्याने काय करावं, सगळं त्यात लिहिलेलं होतं. ज्या माणसाने हे मानक पाठ केलंय असा माणूस आमच्या मालकांना हवा होता. खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन बाहेर पडलेले हे सफारीवाले गृहस्थ त्यांना मिळाले. नागपूरचे. आमचा डबा सरकारने नापास करण्याआधी घरच्या घरी नापास करायचा, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकं मन लावून केलं की मालक म्हणायला लागले, "पगार माझा घेतात आणि बाजू लाइनची घेतात." मान्यतेचा माणूस म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे 'मान्यवर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा माझ्याच टेबलाशी येऊन म्हणाले, "मान्यवर आले आहेत, उठा."

फोन उचलल्यावर ते हॅलो म्हणत नसत. "लाइन ठीक आहे, बोला," असं म्हणत. लाइन ठीक नसली तर तेही सांगत आणि फोन ठेवून देत. कुणाच्या घरी गेले की नमस्काराच्या आधी त्यांची नजर फोनकडे जायची. त्याच्या बुडाशी चिकटवलेला मान्यतेचा शिक्का बघायला ते फोन उलटा करत, तेव्हा नव्या माणसाला वाटे की हे किंमत बघतायत. आणि त्यांचा एक शब्द होता, 'कशावरून'. कँटीनमध्ये कुणी म्हणालं, आज भजी बरी झालीत, की हे विचारायचे, "कशावरून?" आमच्या अकाउंटंटबाई एकदा म्हणाल्या, "साहेब, आज तुम्ही खुशीत दिसताय." त्यावरही तेच. बाईंनी पुढे त्यांच्याशी बोलताना फक्त आकडे सांगायला सुरुवात केली.

इतका कडक माणूस म्हटल्यावर त्यामागे काहीतरी दुःखद कथा हवी, असं कंपनीत सगळ्यांना वाटायचं. पॅकिंगमधल्या एकाने ती तयारही केली होती. साहेबांचा धाकटा भाऊ खात्यात लाइनमन होता, खांबावर चढलेला असताना कुणाच्या तरी बोगस यंत्रातून वीज तारेवर आली आणि गेला बिचारा. मी हिय्या करून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मला भाऊ नाही. तीन बहिणी आहेत, तिन्ही धडधाकट आहेत. नियम पाळायला घरात कोणी मरावं लागते काय?"

तपासायला डबा निवडण्याची त्यांची एक रीत होती. कुठल्याही कारखान्यात तपासणीसाठी एक खास नमुना बनवतात. निवडक सुटे भाग, हाताने पुसून केलेली जोडणी, वर पॉलिश. आमच्याकडे त्याला 'नवरदेव' म्हणत. नवरदेव परीक्षेला जायचा आणि त्याच्या नावावर वरात मात्र भलतीच बाहेर पडायची. मान्यवर नवरदेवाला हात लावत नसत. ते पॅकिंगमध्ये जात आणि रचलेल्या गठ्ठ्याच्या मधला एक डबा ओढून काढत, वरचे चार कोसळले तरी चालतील. मालकांनी लवकरच हेरलं की साहेब नेहमी खिडकीकडच्या गठ्ठ्याला हात घालतात. एका सकाळी त्या गठ्ठ्याच्या बरोबर मध्ये नवरदेव बसवला गेला. मान्यवर आले, गठ्ठ्याकडे बघितलं, पॅकिंगवाल्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि सरळ मालकांच्या केबिनमध्ये शिरून भिंतीवरच्या आमच्याच डब्याच्या तारा त्यांनी सोडवल्या. मालक त्या वेळी मद्रासच्या गिऱ्हाइकाशी बोलत होते.

"अहो, मी बोलत होतो," मालक म्हणाले.

"आता नाही बोलत," मान्यवर म्हणाले, आणि डबा घेऊन आले.

आमच्याकडे खोटी वीज पाडायचं एक यंत्र होतं. त्यांनी त्यावर डबा चढवला, "बाजूला व्हा, वीज पाडतो," असं नेहमीसारखं म्हणाले आणि बटण दाबलं. डब्यातून बारीकसा धूर निघाला. वीज अडवणारा वाटाण्याएवढा एक भाग त्यात असायला हवा होता. नवरदेवात होता, बाकीच्या वऱ्हाडात नव्हता. मान्यवरांना राग वगैरे आला नाही. उलट दिवसभर ते गुणगुणत होते.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण त्याच उन्हाळ्यात त्यांचं एक काम अडलं होतं आणि त्यात हसण्यासारखं फार नव्हतं. ते हडपसरला एका लॉजवर राहत. बायको आणि मुलगी नागपूरला. मुलगी आठवीत जायची होती. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत पुण्यात घर मिळालं तर दोघी येणार होत्या, नाहीतर आणखी एक वर्ष तसंच. दर रविवारी संध्याकाळी ते एसटीडी बूथवर जाऊन शेजाऱ्यांच्या फोनवर मुलीला बोलावून घेत. मुलगी एकच विचारायची, घर मिळालं का. हे सांगायचे, "चाचण्या सुरू आहेत."

घर बघायला मी बरोबर जायचो, कारण माझ्याकडे स्कूटर होती आणि पुण्यात चालेल असं आडनाव होतं. त्यांचं आडनाव असं होतं की ऐकणाऱ्याला त्यावरून चारपाच अंदाज बांधता येत, आणि ऐकणारे ते समोरच बसून बांधायचे.

कोथरूडचा बंगला मला अजून आठवतो. खाली घरमालक, वरचा मजला रिकामा. मालक बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी आम्हाला वेताच्या खुर्च्यांवर बसवलं.

"आपण मूळचे कुठले?"

"नागपूर."

"खुद्द नागपूर?"

"खुद्द."

"नाही, म्हणजे त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी आईच्या पोटात," मान्यवर म्हणाले.

मालक हसले, पण त्यांचं समाधान झालं नाही. "आमच्याकडे शाकाहाराची अट आहे."

"मी शाकाहारीच आहे. बायकोही."

"वा वा. आणि गणपती किती दिवसांचा असतो तुमच्याकडे?"

"गणपती नसतो. आम्ही बौद्ध आहोत."

मालकांनी चष्मा काढून पुसला. "तसं आम्ही काही मानत नाही हं," ते म्हणाले. "प्रश्न आमचा नाहीच. प्रश्न आईंचा आहे." आतल्या खोलीत आई टीव्ही बघत होत्या, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "आणि खरं सांगायचं तर पुतण्याचं लग्न ठरतंय. त्याला लागेल वरचा मजला."

तेवढ्यात मालकीणबाई चहा घेऊन आल्या. मान्यवरांनी कपाकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"माफ करा वहिनी. तुमच्या कोपऱ्यात तो बिनतारी फोन आहे. त्याला मान्यता नाही. असल्या घरी मी चहा घेत नाही." मग ते मालकांकडे वळून अगदी मृदू आवाजात म्हणाले, "तसं मी काही मानत नाही. प्रश्न माझा नाहीच. प्रश्न लाइनचा आहे."

मी मात्र माझा चहा पिऊन टाकला. चहा चांगला होता.

जिना उतरताना त्यांनी मला तोंडी अहवाल दिला. "चाचणी पहिली, गाव. पास. चाचणी दुसरी, जेवण. पास. चाचणी तिसरी, गणपती. नापास. चौथी, आई. पाचवी, पुतण्या. आता मला सांग, या पाच चाचण्या आधी कुठे लिहिलेल्या होत्या? मी एक पास झालो की हा दुसरी काढून राहिला. चाचणी सुरू असताना मानक बदलता येत नाही. खात्यात वीस वर्षं काढली, तिथंसुद्धा असं कोणी केलं नाही." ते हसत होते. मला मात्र त्या सभ्य माणसाचा असा राग आला होता की मी दोन सिग्नल तोडले. मानकाच्या त्या जाडजूड पुस्तकावर त्यांचा इतका जीव का, ते मला त्या दिवशी समजलं. आत कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, हे त्यात आधीच लिहून ठेवलेलं होतं, आणि ते सगळ्यांना सारखंच लागू होतं. बँकवाल्या गृहस्थांकडे असं पुस्तक नव्हतं, भुवया होत्या.

मे महिना संपत आला तेव्हा आमच्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मीही रिपोर्ट घेऊन आत होतो. मालकांना एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर आली होती आणि त्यांना वाटाण्याएवढा भाग घालण्यात वेळ दवडायचा नव्हता. त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, वानवडीला माझा फ्लॅट रिकामा आहे. दोन खोल्या, पाणी चोवीस तास. घ्या. आणि नवरदेवावर सही करून द्या. पुढचं मी बघतो."

मान्यवरांनी किल्ली उचलून हातात तोलली. "म्हणजे सही दिली नाही तर किल्ली नाही?"

"अर्थात."

"दुसरी काही अट? गणपती? आई?"

"माझी आई गप्पा मारायला तुमच्यासारखीच माणसं शोधत असते. अट एकच आहे."

मान्यवर इतके खूश झालेले मी क्वचित बघितले. त्यांनी किल्ली परत ठेवली आणि मालकांचा हात हातात घेतला. "साहेब, मी मनापासून आभार मानतो. या शहरात घराची अट मला तोंडावर स्पष्ट सांगणारे तुम्ही पहिले. आता मी ती मानत नाही, ही गोष्ट वेगळी." आणि बाहेर येऊन त्यांनी रिपोर्टवर लाल शाईने 'नापास' लिहिलं. मालकांनी तीन दिवस त्यांच्याशी बोलणं बंद ठेवलं आणि चौथ्या दिवशी चरफडत वाटाणा मागवला. फ्लॅट मेहुण्याला गेला.

मग आमच्या कँटीनला दूध घालणाऱ्याने हडपसरच्या पुढच्या मांजरी गावातला पत्ता दिला. उसाच्या कडेला एका बागाईतदाराने नवं घर बांधलं होतं, वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. शाळा सुरू व्हायला आठवडा राहिला होता. आम्ही ओसरीवर बसलो. बागाईतदार समोर, त्याची म्हातारी आई दाराच्या उंबऱ्याशी. म्हातारीने आडनाव विचारलं. मान्यवर तोवर वेळ वाचवायला शिकले होते. आडनाव सांगून त्याच दमात म्हणाले, "नागपूरचे, बौद्ध." म्हातारी गप्प झाली. बागाईतदारही गप्प झाला आणि मिशी चोळत उसाकडे बघायला लागला. मला पुढचा पुतण्या डोळ्यांसमोर दिसायला लागला.

पण तेवढ्यात त्याच्या बायकोने आतून पाण्याचे दोन तांबे आणले आणि एक त्यांच्यासमोर, एक माझ्यासमोर ठेवला. मी मनात म्हटलं, झालं, जमलं. आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला.

कोनाड्यात एक लाल मोटार ठेवलेली होती. मला ते खेळणं वाटलं होतं. बागाईतदाराने मोटार उचलली, टप कानाला लावला आणि डिकीत बोलायला लागला. बोलणं संपवून अभिमानाने म्हणाला, "मेव्हन्यानं आनलाय मुंबईवरनं. आख्ख्या मांजरीत असला न्हाय. जरा खरखर लय हाय, तेवडं सोडलं तर झ्याक चालतो."

मान्यवरांनी पाण्याच्या तांब्याकडे बघितलं. मोटारीकडे बघितलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

"पानी घ्या की," बागाईतदार म्हणाला.

"नाही घेत," मान्यवर म्हणाले. "तुमच्या या फोनला मान्यता नाही. तो लाइनला जोडलेला असताना मी तुमच्या घरचं पाणी घेणार नाही. माझा नियम आहे."

आयुष्यात मला कोणाला कानाखाली मारावीशी वाटली असेल तर त्या माणसाला, त्या क्षणी. पाणी समोर आलं होतं, आपणहून आलं होतं, आठवीतली पोर तिकडे रविवारची वाट बघत होती, आणि हा माणूस एका मोटारीपायी तांबा परत सारत होता.

बागाईतदाराने मिशीवरचा हात काढला. "ह्यो फोन वंगाळ हाय म्हंता," तो म्हणाला. "कशावरनं?"

मान्यवरांनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. पुण्यात येऊन त्यांना वर्ष होत आलं होतं आणि आजवर हा शब्द त्यांना परत कोणी विचारला नव्हता. "स्कूटरची डिकी उघड," ते मला म्हणाले. डिकीत त्यांचं हाताने फिरवायचं मेगर होतं. तारेतून वीज गळते का ते त्याने कळतं. आणि खात्याचा एक जुना काळा फोनही होता. काही लोक बरोबर छत्री ठेवतात, तसे ते हे ठेवत. त्यांनी मोटार लाइनवरून सोडवली, मेगरच्या तारा तिला लावल्या आणि हँडल बागाईतदाराच्याच हातात दिलं. "फिरवा." त्याने फिरवलं. काटा शून्यावर कोसळला. मग काळा फोन लावला. "आता फिरवा." काटा वर जाऊन तिथेच उभा राहिला. म्हातारीही उठून बघायला आली. "पडला की काटा मोटारीला," ती म्हणाली. "वीज गळतीया."

"म्हणून खरखर," मान्यवर म्हणाले. "आणि ती फक्त तुमच्या घरी राहत नाही. एकाच जाड केबलमधून सगळ्यांच्या तारा जातात."

बागाईतदाराने मोटार अंगणात खेळणाऱ्या नातवाकडे टाकली आणि काळा फोन कोनाड्यात बसवून घेतला. मान्यवरांनी रिसीव्हर कानाला लावून ऐकलं, "लाइन ठीक आहे," असं जाहीर केलं, खुर्चीवर येऊन बसले आणि तांबा उचलून सगळं पाणी एका दमात प्यायले.

"मंग कवा येताय राह्यला?" बागाईतदाराने विचारलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मुलगी मांजरीहून बसने गेली. ते त्या घरात पुढे कितीतरी वर्षं राहिले. बागाईतदार काही संत नव्हता, दर दिवाळीला भाडं वाढवायचा आणि फोन बिघडला की यांना हाक मारायचा, फुकट. एकदा हुरडा खायला गेलो असताना मी त्याला एकटं गाठून विचारलं, "दादा, त्या दिवशी आडनाव ऐकून तुम्ही गप्प झाला होतात. नाही म्हणणार होतात ना?"

तो लाजला नाही की चिडला नाही. "व्हतो की," म्हणाला. "आयचं मन न्हवतं. म्या इच्यार करत व्हतो कसं सांगावं. तेवड्यात ह्यानं फोन वंगाळ म्हनून सांगितलं. म्या म्हनलं, ह्याला घराची नड हाय, आन् ह्यो घर मिळायच्या आदी माज्याच दारात मला तुजं चुकतंय म्हनून सांगतोय. वर मोजून दावतोय. असला मानूस भाडं बुडवायचा न्हाय. आय बी तेच म्हनली."

हे त्यांना सांगावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला. मला वाटलं, 'नाही म्हणणार होतो' हेच त्यांना लागलं. लागलं असेलच.

"म्हणजे चाचणी तीच होती," ते सावकाश म्हणाले. "आणि मला माहीतच नव्हतं. माहीत असतं तर मी नवरदेव होऊन बसलो असतो. फोन छान आहे म्हटलं असतं, पाणी प्यायलो असतो." मग त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला, आणि खात्यातल्या वीस वर्षांनी घासून सपाट केलेली त्यांची नागपुरी एकदम वर आली. "गठ्ठ्याच्या मधला उचलला ना बावा त्यानं मले. आन् पास झालो."